डी ड्राइव्हला कुणी हात लावला नव्हता

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी वर्ध्याहून नणंदेचा फोन आला. तिला मोठ्या आत्याबाईंचा एक फोटो हवा होता, उमरेड स्टेशनच्या फलाटावर गाडीच्या डब्याला टेकून उभ्या असलेल्या. तो फोटो मला पाठ आहे. कॉम्प्युटर सुरू केला, डी ड्राइव्हमधलं 'इतवारी-नागभीड' फोल्डर उघडलं, फोटो सापडला. पण तो तिरपा होता. फलाट डावीकडे उतरलेला, आत्याबाई कलंडलेल्या, कडेला स्कॅनरच्या काचेची पांढरी पट्टी. मी हा फोटो इतकी वर्षं सरळच पाहत आले होते. पुढचा उघडला, तोही तिरपा. त्याच्या पुढचा पिवळा पडलेला, आणि तो पिवळेपणा मामाजींनी बारा वर्षांपूर्वी माझ्यासमोर काढला होता.

कॉम्प्युटर पाच दिवसांपूर्वीच विंडोज ११ वर नेला होता.

मामाजी म्हणजे माझे सासरे. इतवारी-नागभीड नॅरोगेजवर गार्ड होते. आता त्या मार्गावर छोटी गाडी नाही, मोठ्या रुळांच्या कामासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये ती बंद झाली. पण मामाजींच्या नोकरीभर ती गाडी म्हणजे त्यांचं दुसरं घर होतं, आणि त्यांच्या पेटीत शिट्टी, हिरवा-तांबडा झेंडा आणि आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा नेहमी सोबत असायचे. त्यांनी फोटो काढले ते माणसांचे. भिवापूरला मिरचीची पोती चढवणारे हमाल, नागभीडला चहा देणारा मुलगा, गँगमन, त्यांच्या बायका, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन रेल्वे क्वार्टर्समध्ये रांगेत उभी केलेली पोरं, महालातल्या गर्दीतून येणारी पिवळी मारबत. रिटायर झाल्यावर त्यांनी स्कॅनर आणला आणि २००९ ते २०१३ या काळात पत्र्याच्या ट्रंकेतले सगळे फोटो एकेक करून कॉम्प्युटरमध्ये घेतले.

त्यासाठी ते पिकासा हे गूगलचं फोटोंचं सॉफ्टवेअर वापरत. २००९ च्या सप्टेंबरमध्ये पिकासात चेहरे ओळखून त्यांना नावं द्यायची सोय आली. मामाजींना ती फार आवडली. रोज दुपारी जेवण झालं की ते बसत आणि एकेका चेहऱ्याखाली दोन बोटांनी देवनागरीत टाइप करत: 'पाणीवाली बाई, भिवापूर'. 'गँगमनचा लहाना'. 'मोतीबागचा फिटर, तबला वाजवणारा'. त्यातल्या बहुतेकांना त्यांच्याशिवाय आमच्या घरात कुणी ओळखत नाही.

आणि आता मामाजींना दिसत नाही. काचबिंदूने नजर कडेकडून आत येत येत गेली. खिडकीचा उजेड कळतो, समोर माणूस उभा आहे हे कळतं, तो कोण ते आवाजावरून. ती नावं पुन्हा लिहायची म्हटलं तर चेहरे पाहणार कोण?

नागपुरात १४ ऑक्टोबर ही तारीख कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. २०२५ मध्ये विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स बंद होण्याची तारीखही हीच होती, म्हणून माझ्या लक्षात पक्की बसली होती. आमचा कॉम्प्युटर २०१९ चा, आठव्या पिढीचा आय-थ्री. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून चालतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमच्याकडे ती होती, फक्त बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंग्जमध्ये, ती चालू करणारा पीटीटी नावाचा पर्याय बंद होता. बँकेचं काम मी याच कॉम्प्युटरवर करते, त्यामुळे तारीख उलटू द्यायची नव्हती. १३ तारखेला कॅबिनेट स्कूटरवर पुढे ठेवून बर्डीवरच्या एका दुकानात नेलं.

दुकानातल्या मुलाने विचारलं, "मॅडम, डेटा कशात आहे?"

"फोटो, कागदपत्रं, सगळं डी मध्ये."

"मग काही टेन्शन नाही. सी फॉरमॅट मारून फ्रेश टाकतो. अपग्रेड केलं की जुना कचरा तसाच राहते. डी ला हात पण नाही लावत."

त्याने खरोखरच हात लावला नाही. डी मधली एक फाइल हलली नव्हती. तो मुलगा मनापासून सांगत होता आणि मीही मनापासून हो म्हटलं. आम्हा दोघांचाही समज असा की फोटो जिथे आहेत तिथेच फोटोंचं सगळं काही आहे. चूक तिथे झाली.

पिकासा मूळ फोटोला हात लावत नाही. तुम्ही फोटो सरळ करा, कडा कापा, रंग सुधारा. ते सगळं सूचना म्हणून वेगळं लिहून ठेवतं आणि दाखवताना त्या सूचना लावून दाखवतं. सेव्ह केलं तरच बदल फाइलमध्ये जातो, आणि तेव्हाही मूळ फोटो एका लपवलेल्या फोल्डरात जपून ठेवला जातो. मामाजींनी सेव्ह फारसं कधी केलंच नाही, कारण पडद्यावर फोटो सरळ दिसत होता. विंडोजच्या स्वतःच्या फोटो अ‍ॅपला या सूचना वाचता येत नाहीत. म्हणून तिरपे फोटो पुन्हा तिरपे.

नावांचंही तसंच. पिकासाची मुख्य नोंदवही सी ड्राइव्हमध्ये असते: यूजर्स, मग आपल्या नावाचं फोल्डर, त्यात लपवलेलं अ‍ॅपडेटा, लोकल, गूगल, पिकासा२. तिथे डीबी३ नावाच्या फोल्डरात डेटाबेस आणि शेजारच्या फोल्डरात 'कॉन्टॅक्ट्स' नावाची एक्सएमएल फाइल, जिच्यात सगळ्या माणसांची यादी असते. सी फॉरमॅट झाला तेव्हा हे गेलं. जुन्या विंडोजवरच अपग्रेड चढवलं असतं तर यूजर्समधलं हे सगळं जागेवर राहिलं असतं, शिवाय जुन्या विंडोजचं फोल्डर दहा दिवस सांभाळलं जातं ते वेगळं. पिकासात 'नावं फोटोतच साठवा' असाही एक पर्याय असतो. त्याच्या समोरचा चौकोन आमच्याकडे कधी टिक झाला नव्हता.

हे सगळं मला नंतर समजलं. त्या संध्याकाळी एवढंच कळत होतं की काहीतरी मोठं हरवलंय. दारात यमदीप लावायचा होता, तो लावला, आणि परत येऊन बसले.

पिकासा २०१६ च्या मार्चमध्ये अधिकृतपणे बंद झालं, पण त्याची इन्स्टॉल करायची फाइल मामाजींनी डी मध्ये 'कामाचे' नावाच्या फोल्डरात ठेवली होती. ती चालवली. विंडोज ११ वर पिकासा उघडलं, फोटो गोळा करायला लागलं आणि डाव्या बाजूला अनामिक चेहऱ्यांचा आकडा चढू लागला. चाळीस, नव्वद, दीडशे. नाव एकही नाही. मामाजी आतल्या खोलीतून म्हणाले, "काय करून राहिली वं इतक्या रात्री?" मी म्हटलं, "आत्याबाईंचा फोटो शोधतेय, मामाजी." त्यांना काही सांगितलं नाही. पिकासा बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. त्या मुलाचा चेहरा उतरला. त्याने डेटा परत आणायचं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, दोन तास बसला, एक पैसा मागितला नाही. हाती काही लागलं नाही. सी ड्राइव्ह एसएसडी आहे, आणि एसएसडी फॉरमॅट झाली की विंडोज तिला कळवतं की या जागा आता रिकाम्या समज. ती त्या आतून पुसून टाकते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर कदाचित काही मिळालं असतं.

मी कॉलेजात गणित शिकवते. माझा एक जुना विद्यार्थी मिहानमध्ये नोकरीला आहे, त्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून पहिलं वाक्य म्हटलं ते मी कुणालाही सांगेन: "मॅडम, आता पिकासा उघडू नका. आधी डी ची अख्खी कॉपी करा, लपवलेल्या फाइल्ससकट." एक टीबीची बाहेरची डिस्क आणली, अख्खं फोल्डर उचलून तिच्यात टाकलं आणि तिला हात लावायचा नाही असं ठरवलं. मग त्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'शो' आणि मग 'हिडन आयटम्स' चालू केलं.

प्रत्येक फोल्डरात एक फिकट रंगाची फाइल उगवली. टिंबापासून सुरू होणारं नाव, पिकासा डॉट आयएनआय. इतकी वर्षं ती तिथेच होती.

आत्याबाईंच्या फोल्डरातली ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. चौकोनी कंसात फोटोचं नाव. खालच्या ओळीत 'फिल्टर्स' आणि 'टिल्ट' आणि पुढे एक दशांश अपूर्णांक: मामाजींनी फोटो किती कलवला त्याचं माप. त्याच्या खाली 'फेसेस', मग 'रेक्ट६४', कंसात सोळा आकडे-अक्षरांची एक माळ, कंसाबाहेर स्वल्पविराम आणि पुन्हा सोळांची दुसरी माळ. अशा पानोपानी ओळी. मी खाली सरकवत गेले. अगदी तळाला 'कॉन्टॅक्ट्स२' असं शीर्षक होतं आणि त्याखाली तीच दुसरी माळ, बरोबरचं चिन्ह, आणि देवनागरीत: मोठी वहिनी, उमरेड. मामाजींची मोठी वहिनी म्हणजे आमच्या आत्याबाई.

मी ते मोठ्याने वाचलं. घरात कुणी जागं नव्हतं.

पहिली माळ काय आहे हे विद्यार्थ्याने सांगितलं तेव्हा मला झोप येईना, कारण ते शुद्ध गणित होतं. सोळा अंक म्हणजे चार-चारचे चार गट, सोळाच्या पायावर लिहिलेले (दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरं). प्रत्येक गट ० ते ६५,५३५ यांमधली संख्या. तिला ६५,५३५ ने भागलं की फोटोच्या रुंदी-उंचीचा अंश मिळतो: चेहऱ्याच्या चौकोनाची डावी कड, वरची कड, उजवी, खालची. ४००० असेल तर जवळजवळ पाव, ८००० असेल तर अर्धा, सी००० म्हणजे पाऊण. मी आत्याबाईंचा चौकोन हाताने काढला. कागदावर फोटोची प्रिंट, पट्टी, पेन्सिल. चार रेघा मारल्या आणि त्यांच्या मधोमध आत्याबाईंचं कुंकू आलं.

दुसरी माळ म्हणजे त्या माणसाची ओळख. ती सगळ्या फोल्डरांत एकच असते. त्यामुळे एका फोल्डरात 'कॉन्टॅक्ट्स२'चा भाग नसला तरी तीच माळ दुसऱ्या कुठल्या फोल्डरात नावासकट सापडली की दोन्हीकडचं नाव मिळतं. इथून पुढचं काम खरं तर जुळवाजुळवीचं होतं.

आमचे १८३ फोल्डर. त्यांतल्या १६८ मध्ये ही फाइल होती. बाकीच्या पंधरांविषयी पुढे सांगते. विद्यार्थ्याने पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो सगळ्या फाइल्स वाचून एक यादी करत होता: फोटो, चौकोन, ओळख-माळ, नाव. दिवाळीचे फराळाचे डबे देण्याच्या निमित्ताने तो लॅपटॉप घेऊन घरी आला. मामाजींच्या पाया पडला. त्यांनी विचारलं, "कोणत्या गावचा?" तो म्हणाला, "काटोल." मग अर्धा तास काटोलच्या संत्र्यांवर गेला, आणि मला तो अर्धा तास बरा वाटला, कारण तोवर मामाजींना सांगायचं कसं ते मी ठरवत होते.

मी सांगितलं. सगळं, जसं झालं तसं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाणीवाली सापडली काय?"

सापडली होती. यादीत ती सत्तावीस फोटोंत होती.

यादी पहिल्यांदा एक्सेलमध्ये उघडली तेव्हा धक्का बसला. नावांच्या जागी टोपी घातलेल्या रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी. पुन्हा सगळं गेलं असं वाटलं. गेलं नव्हतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहिलं जातं, आणि एक्सेलने ते तीन बाइट तीन वेगळी रोमन अक्षरं समजून दाखवले होते. फाइलवर दोनदा क्लिक करून न उघडता, एक्सेलच्या 'डेटा' भागातून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घेऊन ६५००१ युनिकोड निवडलं, आणि मामाजींचं मराठी परत आलं. इथे घाबरून ती बिघडलेली यादी कुणी सेव्ह केली तर मात्र नुकसान पक्कं होतं. मराठी मजकुराची सीएसव्ही, म्हणजे अशी साध्या मजकुरातली यादी, ज्यांच्या हाती येते त्यांनी हे जपावं.

एकूण ४१२ ओळख-माळा निघाल्या. नाव मिळालं ३७१ ना.

नावं आता पुन्हा कुठल्या सॉफ्टवेअरच्या वहीत ठेवायची नाहीत, थेट फोटोच्या फाइलमध्ये लिहायची, हे माझं मत पहिल्या रात्रीच ठरलं होतं. त्यासाठी एक्झिफटूल नावाचं मोफत साधन आहे. फोटोच्या चित्राला अजिबात न दुखावता फाइलच्या माहितीच्या भागात ते मजकूर लिहितं, आणि लिहिण्याआधीची फाइल शेवटी 'ओरिजिनल' लावून शेजारी ठेवतं. चेहऱ्याचा चौकोन आणि नाव एकत्र लिहिण्याची एक मान्य पद्धत आहे, ती अनेक सॉफ्टवेअरना वाचता येते. फोटो पाहायला आम्ही डिजिकॅम घेतलं. तेही मोफत आहे.

पहिले पन्नास फोटो करून डिजिकॅममध्ये उघडले. बहुतेक चौकोन नेमके चेहऱ्यावर होते. पण काही भलतीकडे गेलेले. एकाचं नाव आभाळात, एकाचं इंजिनाच्या चाकावर. विद्यार्थी प्रोग्रॅम तपासत बसला, मी ते चुकलेले फोटो एकाखाली एक मांडून पाहत बसले. सगळ्यांत एक गोष्ट समान होती. चुकलेला माणूस फोटोच्या अगदी डाव्या कडेला उभा होता. मग लक्षात आलं. डावी कड फोटोच्या सोळाव्या भागाच्याही आत असेल तर त्या संख्येची सुरुवात शून्याने होते, आणि पिकासा सुरुवातीची शून्यं लिहीतच नाही. सोळाऐवजी पंधराच अंक उरतात. आमचा प्रोग्रॅम डावीकडून चार-चार मोजत होता, म्हणून पुढचे सगळे गट एकेका घराने सरकत होते. सोळा भरेपर्यंत पुढे शून्य लावायचं, एवढी एक ओळ घातली. इंजिनाच्या चाकावरचा नागभीडचा चहावाला आपल्या किटलीजवळ परत आला.

आणखी एक अडचण किरकोळ होती: ज्या फोल्डरांची नावं देवनागरीत होती तिथे 'फाइल सापडली नाही' असं येत होतं. त्या फोल्डरांना तात्पुरती रोमन नावं दिली, काम झाल्यावर मूळ नावं परत केली.

तिरप्या फोटोंसाठी मात्र पिकासाच वापरलं. डिस्कवरच्या प्रतीची आणखी एक प्रत काढली, तिच्यावर पिकासा चालवलं. आयएनआय फाइल्समधल्या सूचना त्याने वाचल्या आणि फोटो सरळ दिसू लागले. मग एकेका फोल्डराच्या डोक्यावरचं सेव्हचं बटण दाबत गेले. नावांची यादी तोवर पहिल्या, हात न लावलेल्या प्रतीतून काढलेली होती, ती या सरळ झालेल्या फोटोंमध्ये लिहिली. फोटो सरळ झाला की चौकोन थोडा सरकतो, पण नाक-डोळे आतच राहतात. मी पाचशेच्या वर फोटो डोळ्यांनी तपासले.

आता ते पंधरा फोल्डर. ते डी मध्ये सलग राहिलेले नव्हते. मध्यंतरी जागा कमी पडली म्हणून भाच्याने ते पेन ड्राइव्हवर काढून ठेवले होते आणि नंतर परत आणले. काढताना त्याने फोल्डर उचललं नाही, फोल्डर उघडून आतले सगळे फोटो निवडले. लपवलेली फाइल दिसत नव्हती, म्हणून निवडली गेली नाही. सुमारे ३०० फोटो असे, ज्यांच्याबद्दल कॉम्प्युटरला काहीच माहीत नाही. शिवाय त्या ४१ नाव नसलेल्या माळा.

त्यांच्यासाठी आम्ही दुपारी बसतो, मी आणि मामाजी. पूर्वी ते बसत त्याच वेळी. मी फोटो पाहते आणि सांगते, ते ऐकतात. पहिल्या दिवशी मला सांगताच येत नव्हतं. "एक माणूस आहे, पांढरा शर्ट" एवढ्यावर ते म्हणाले, "पांढरा शर्ट त सगळ्याईचाच होता, बाई. उभा कसा आहे सांग." मग मी उभं राहणं पाहायला शिकले. एक पाय रुळावर, हात कमरेच्या मागे, मान डावीकडे. "टोपी हातात आहे काय?" हो. "मग तो भिवापूरचा पॉइंट्समन. त्याच्या डोक्याले घाम फार." मी टाइप केलं.

डिजिकॅममध्ये चौकोन आपल्या हातानेही काढता येतो. नागभीडच्या एका फोटोत फलाट रिकामा आहे, संध्याकाळचं ऊन आहे, बाकावर एक कुत्रं झोपलंय. मी म्हटलं, "यात कोणी नाही, मामाजी. पुढे जाऊ?" ते म्हणाले, "खाली सावली आहे काय, लांब?" होती. फलाटाच्या कडेपासून बाकापर्यंत, डोक्यावर टोपी, कोपरं बाहेर. "तो मी होय. कॅमेरा धरून राहिलो ना." त्या सावलीभोवती चौकोन काढला आणि त्यांचं नाव लिहिलं. सगळ्या ट्रंकेत त्यांचे स्वतःचे फोटो चार की पाच आहेत.

मारबतीच्या एका फोटोवर तीन दिवस गेले. त्यात पुढच्या रांगेत नऊ माणसं आहेत, तोंडं उघडी, सगळे 'घेऊन जा गे मारबत' ओरडताहेत. त्या उघड्या तोंडांचं वर्णन करणं मला फार जड गेलं. सात जण लागले. एका पोराच्या शर्टाच्या खिशाला झाकण आहे असं तिसऱ्या दिवशी सांगितलं, तर मामाजी एकदम म्हणाले, "ते त पोलिसाच्या घरचं. बापाच्या जुन्या वर्दीचा शर्ट शिवला होता त्याले." आठवा तो. नववा कोण ते अजून कळलं नाही.

कुणी माझ्यासारखं मामाजींचं, आजोबांचं काम सांभाळत असेल तर दोन गोष्टी आजच पाहून घ्या, सिस्टीम बदलायला नेण्याआधी. फोटोंच्या फोल्डरात लपवलेल्या फाइल्स आहेत का, आणि तुमचं फोटोंचं सॉफ्टवेअर आपली नोंदवही कुठे ठेवतं. डिजिकॅमही सुरुवातीला नावं आपल्याच डेटाबेसमध्ये ठेवू शकतं. सेटिंग्जमध्ये मेटाडेटाच्या पानावर चेहऱ्यांच्या टॅगचा चौकोन टिक केलेला आहे याची मी खात्री केली, मग एक फोटो बाहेर काढून एक्झिफटूलने वाचून पाहिला. नाव त्या फाइलमध्येच होतं.

बर्डीच्या दुकानातल्या मुलाला हे सगळं जाऊन सांगितलं. त्याने काउंटरच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवलंय: फॉरमॅटच्या आधी अ‍ॅपडेटा विचारणे.

पहिली, हात न लावलेली डिस्क आता नणंदेकडे वर्ध्याला आहे. आत्याबाईंचा फोटो तिला गेला, सरळ केलेला, नावासकट. ४१ पैकी चौदा माळांना नाव मिळालं, सत्तावीस बाकी आहेत. पंधरा फोल्डरांतले सहा झाले. उद्या सातवं उघडायचं आहे, उमरेडच्या यात्रेचं.